पुढचे दोन टायर

"पुढं बी ठोकळ्यांचंच घाला," तात्या म्हणाले, आणि दस्तगीरभाई हातातला पाना तसाच धरून त्यांच्याकडं बघत राहिले.

"पुढं?"

"व्हय, पुढं. चारी चाकांना एकच."

कोल्हापुरातलं दस्तगीरभाईंचं टायरचं दुकान. आमची जुनी पिकअप दारात जॅकवर चढवलेली, पुढची दोन्ही चाकं काढून भिंतीला टेकवलेली. श्रावणाचे दिवस होते. भुरभुर पडत होती आणि मधूनच ऊनही येत होतं. दुकानात रबराचा वास असा कोंडलेला, की मला दिलेल्या चहालाही तोच वास येत होता.

"तात्या, तुमचा जन्म स्टिअरिंगवर गेला. तुमाला मी काय सांगू?" दस्तगीरभाई म्हणाले. "पर ठोकळ्यांचा टायर मागं घालत्यात. ढकलायचं काम मागल्या चाकाचं, चिखलात तो चावून धरतोय. पुढं उभ्या रेघांचा. वळवायला हलका, वल्ल्या डांबरावर सरळ जातोय. ठोकळ्यांचा पुढं घातला तर निस्ता भुंग्यावानी घुमत ऱ्हाईल."

"घुमू दे. टायरचा आवाज आला पायजे."

"आवाजाचं काय लोणचं घालायचंय व्हय?"

तात्या हसले नाहीत. एरवी असल्या बोलण्याला त्यांचं उत्तर तयार असायचं.

तात्या म्हणजे माझे सासरे, श्रीपती खोत. सगळी नोकरी एस.टी.त ड्रायव्हर म्हणून केली, तीही घाटाच्या गाड्यांवर. गगनबावड्याकडची जुनी माणसं म्हणायची, श्रीपती ड्रायव्हर असला की घाटात पोटातलं पाणी हलत नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी आणि माझ्या नवऱ्यानं मिळून ही पिकअप घेतली. कोल्हापूरच्या मार्केटातनं भाजी, बटाटा उचलायचा, करूळ घाट उतरून खाली वैभववाडीच्या दुकानांना पोचवायचा, असा धंदा. माझ्या नवऱ्याचं नाव जयसिंग. तेव्हा मी नाव घेत नसे. आता वय झालं, घेते.

दोघं बापलेक गाडीत असले की स्टिअरिंग तात्यांकडं, हा घरचा कायदाच होता. त्याच कायद्यानं, आदल्या महिन्यात एक दिवस, तात्या चालवत होते आणि जयसिंग डाव्या अंगाला बसले होते. गावाजवळच्या ओढ्याच्या मोरीवर पुढचा डावा टायर फुटला, गाडी कठड्याला घासत गेली आणि जयसिंगचा पाय गुडघ्याखाली मोडला. टायर आधीच गुळगुळीत झालेले. बदलू, बदलू म्हणत पावसाळा आला होता. मग बघायला येणारा जो तो टायरला शिव्या घालून जायचा. सगळ्यांत जास्त तात्यांनी घातल्या. "टायरनं दगा दिला," हे वाक्य त्या महिन्यात आमच्या घरात इतक्या वेळा बोललं गेलं, की दिवा लावल्यावर शुभंकरोतीसारखं म्हटलं जात होतं.

त्या दिवशी सकाळी निघताना प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून जयसिंग मला म्हणाले होते, "पुढं रेघांचंच घ्यायचं. घाट वल्ला हाय. तात्यांचं ऐकू नगंस."

"तुम्हीच सांगा की त्यांना."

"तू बी जा बरोबर."

"टायरच्या दुकानात माझं काय काम?"

"काम न्हाई. निस्ती बस शेजारी. तात्या एकटं नगंत."

मी गेले. म्हाताऱ्या माणसाच्या सोबतीला पाठवतायत, एवढंच मला वाटलं.

मला गाडी येत होती. जयसिंगनीच शिकवली होती, साखर कारखान्याच्या मोकळ्या मैदानात, आणि लायसनही काढून दिलं होतं. ते माल उतरवत असले की गाडी मागंपुढं करायला कुणीतरी हवं असायचं. तात्यांनी त्याला कधी नको म्हटलं नाही. पण मी चालवत असले की ते गाडीत बसायचे नाहीत. "मी चालत येतो," म्हणायचे.

दुकानात दस्तगीरभाईंनी त्यांच्यासाठी चहाचा पेला शेजारच्या टायरवर ठेवला. "च्या घ्या, तात्या." तात्यांनी हात लांब केला तो थेट पेल्यावर आदळला. चहा सांडला. उठायला गेले तर जॅकच्या दांड्याला पाय अडकला. दस्तगीरभाईंनी दंड धरला म्हणून सावरले. माझ्या मनात आलं, माणूस अजून त्या मोरीवरच आहे. लेकाचा पाय मोडल्यापासून त्यांचं कशातच लक्ष नव्हतं.

"मग? काढू ठोकळ्यांचं चार?" दस्तगीरभाईंनी विचारलं, पण बघत होते माझ्याकडं.

मी उठले. "नको. मागं ठोकळ्यांचे, पुढं रेघांचे."

तात्यांनी मानच काय, अख्खं अंग माझ्याकडं वळवलं. "गाडी कोण चालवणार हाय? तू का मी?"

"तुम्हीच. पण घरातनं सांगून धाडलंय."

"घरात मोठं कोण हाय?"

"तुम्हीच, तात्या. पण वल्ल्या घाटात सरकली तर—"

"सरकली तर! श्रीपती खोताची गाडी सरकत न्हाई. जा इचार डेपोत."

दुकानात आणखी दोघं-तिघं ड्रायव्हर उभे होते. एकजण हसल्यासारखा झाला. तो तात्यांना हसला की मला, कोण जाणे, पण माझं तोंड आवरलं नाही.

"एकदा सरकली की, तात्या."

 बाहेर हवा भरायच्या मशीनचा तेवढा आवाज चालू होता. तात्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. राग आला असता तर बरं वाटलं असतं. ते हळूच मागं सरले, एका टायरवर बसले आणि म्हणाले, "घाल बाबा. रेघांचं घाल पुढं."

टायर चढले. काळेभोर, केसासारखे रबराचे धागे अजून चिकटलेले. निघताना दस्तगीरभाई खिडकीशी आले. "तात्या, नवीन टायरवर मेणावानी पातळ थर असतोय. आज-उद्या जरा दमानं. ब्रेक एकदम दाबू नका."

"कळतंय मला," तात्या म्हणाले.

मार्केटात जाऊन बटाट्याची पोती आणि कोबी भरला, वर ताडपत्री बांधली आणि आम्ही गगनबावड्याच्या रस्त्याला लागलो. गाडी अशी पळत होती, की लोण्यातनं सुरी जावी. जुन्या टायरचा खडखडाट नाही, थरथर नाही. मला बरं वाटलं. म्हणायचंही होतं, बघा, किती छान चालतीय. पण तात्यांच्या तोंडाकडं बघून गप्प बसले. त्यांनी त्यांच्या अंगाची काच पूर्ण खाली केली होती. भुरभुर आत येत होती, सदऱ्याची बाही भिजली होती. हाताची बोटं स्टिअरिंगवर इतकी घट्ट, की शिरा वर आलेल्या.

"काच घ्या की वर. सर्दी होईल."

"असू दे."

आमचं गाव वाटेतच लागतं. पण दुकानदार मालाची वाट बघत होते, म्हणून न थांबता पुढं गेलो. गगनबावडा ओलांडला आणि घाटाच्या तोंडाशी धुकं आलं. आधी विरळ, झाडांच्या शेंड्यांवर. पहिलं वळण उतरलो तर समोरचा रस्ताच पुसला गेला. दुपारची वेळ, पण दिवे लावावे लागले.

"वायपर बंद कर," तात्या म्हणाले.

"काच भिजेल की."

"बंद कर म्हणतोय ना! ऐकू येत न्हाई."

"काय ऐकायचंय?"

 मी हात लांब करून वायपर बंद केला. तात्यांनी डोकं खिडकीतनं बाहेर काढलं आणि कान रस्त्याकडं लावून ते गाडी हाकू लागले.

दरी माझ्या अंगाला होती. खाली बघावं तर दुधासारखं पांढरं, तळ नाही. दुसरं वळण त्यांनी बरोबर घेतलं, आठवणीनंच. तिसऱ्याला डांबराची कड माझ्या दाराखाली आली. मी पाय फळीवर दाबून धरले, जणू ब्रेक माझ्याच पायाखाली होता.

"तात्या, जरा उजवीकडं घ्या."

त्यांनी लगेच घेतली. काही न बोलता, निमूट. मी त्यांच्याकडं वळून बघितलं. तात्यांना गाडी चालवताना कुणी काही सांगितलेलं चालत नसे. एकदा डेपोच्या साहेबानं सांगितलं म्हणून त्यांनी गाडी थांबवून साहेबाला स्टिअरिंगवर बसा म्हटलं होतं, ही गोष्ट आमच्या घरात पाहुण्यांना सांगितली जायची.

थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "आता?"

"काय आता?"

"कड किती हाय?"

मी उत्तर देणार तोच खालून हॉर्न आला. लांबलचक, ट्रकचा. धुक्यात पिवळे दोन डाग उमटले आणि भराभर मोठे होत गेले. घाटात वर येणाऱ्याला वाट द्यायची, ही तात्यांची जुनी शिस्त. त्यांनी गाडी डावीकडं दाबली.

मला समोर कडेचा एक पांढरा दगड दिसला. त्याच्या पुढं कठडा नव्हता. पावसानं ढासळलेला असावा. नुसती मोकळी जागा, आणि पलीकडं पांढरं.

"डावीकडं न्हाई! तात्या, न्हाई!"

त्यांनी ब्रेक मारला. चाकं थांबली, गाडी थांबली नाही. नव्या टायरांवर ती साबणावरनं जावी तशी सरकत गेली. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून अंगाच्या सगळ्या जोरानं माझ्यापासून लांब ढकललं. समोरून धाडकन आवाज झाला. माझं कपाळ काचेवर आपटलं. ट्रक तात्यांच्या आरशाला चाटून वर निघून गेला. त्याचा हॉर्न पुढच्या वळणापर्यंत वाजत राहिला.

मग काहीच नाही. इंजिन बंद पडलं होतं. हौद्यातलं एक पोतं कलंडलं असावं, बटाटे गडगडल्याचा आवाज आला. मी माझं दार जरासं उघडून खाली बघितलं आणि तसंच ओढून घेतलं. पुढचं डावं चाक पांढऱ्या दगडाला टेकून उभं होतं, आणि दाराच्या पायरीखाली वीतभर गवत होतं. त्यापुढं घाट संपला होता.

तात्यांचे दोन्ही हात अजून स्टिअरिंगवर होते. समोर बघत त्यांनी विचारलं, "दगड व्हता काय?"

"तुम्हाला दिसला न्हाई?"

"न्हाई."

"एवढा मोठा पांढरा दगड, तात्या!"

 मला चहाचा पेला आठवला. जॅकचा दांडा आठवला. मी माझा हात त्यांच्या डाव्या कानाजवळ नेला, डोळ्यांच्या कडेला, आणि बोटं हलवली.

"तात्या, समोरच बघा. माझा हात कुठं हाय सांगा."

"हात धरलायस व्हय?" ते म्हणाले.

 कपाळाचं रक्त भुवईपर्यंत आलं होतं, ते पुसायचंही मला सुचेना.

"समोरचं दिसतंय," तात्या सांगू लागले. आवाज एकदम लहान झाला होता. "लख्ख दिसतंय. पेपर वाचतोय की मी. पर कडंचं गेलंय. नळीतनं बघितल्यावानी. आधी वाटलं, चष्मा बदलला की जाईल."

"कधीपासनं?"

"दोन पावसाळं झालं असतील."

"आणि गाडी?"

"रस्ता पाठ हाय. आणि जुनं टायर वाजायचं. कडंच्या खडीवर चाक गेलं की खर्र करायचं, कड आली ती मला कळायची. ह्यो नवा टायर बोलतच न्हाई."

आत्ता मला दुकानातलं सगळं उमगलं. चारी चाकांना ठोकळ्यांचे कशासाठी हवे होते ते.  आणि त्यामागोमाग दुसरी गोष्ट मनात उभी राहिली. ती विचारायचं धाडस होत नव्हतं, पण विचारली.

"तात्या, मोरीवर?"

 धुक्यातनं पाण्याचा आवाज येत होता, कुठंतरी झरा कोसळत असावा.

"मोरीवर खडी न्हाई," ते म्हणाले. "शिमिट हाय."

"म्हणजे टायर..."

"टायर फुटला, पोरी. कठड्याला लागल्यावर फुटला. त्याच्या आधी न्हाई."

वरच्या अंगाला कुठल्यातरी गाडीचा हॉर्न वाजला. आम्ही दोघंही दचकलो. आमची गाडी वळणाच्या तोंडावर आडवी-तिरकी उभी होती आणि धुक्यात आम्हाला बघणार कोण? वरनं येणारा थेट आमच्यावर येऊन आदळला असता, आणि दगडानं तो धक्का सोसला नसता.

"उतरा, तात्या," मी म्हटलं.

"कशाला?"

"मी घेते गाडी."

"घाटात? तू घाटात कवा चालवलीयास?"

"कधीच न्हाई. पण दुसरं कोण हाय हितं?"

ते माझ्याकडं वळले. पुन्हा अख्खं अंग वळवून. क्षणभर मला वाटलं, आता नाही म्हणतील. मग त्यांनी दार उघडलं आणि खाली उतरले. मी गिअरच्या दांड्यावरनं पलीकडं सरकले. स्टिअरिंग त्यांच्या हातांनी गरम झालेलं होतं.

वरची गाडी हॉर्न वाजवत आली. तात्यांनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून टॉवेल हलवला, तिला सावकाश बाजूनं जाऊ दिलं. ती गेल्यावर ते आमच्या दिव्यांच्या उजेडात समोर येऊन उभे राहिले.

"हितनं मला चाक दिसतंय," ते ओरडले. "माझ्याकडं बघ. मागला गिअर टाक. क्लच दमानं सोड. एकदम सोडलास तर पुढं जाशील."

 गाडी बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद पडली.

"रडू नगंस!"

"मी रडत न्हाई!" मी ओरडले, आणि रडत होते.

"मग दाब. आणि जरा रेस दे. मागलं टायर धरंल, त्येला येळ दे."

मी रेस दिली. मागची चाकं चिखलात गरगर फिरली, गाडी डावीकडं इंचभर खचली.  तात्यांनी टॉवेल खाली केला नाही. मग ठोकळ्यांनी चिखल चावला, गाडीनं एक हिसका दिला आणि ती मागं डांबरावर आली. तात्यांनी टॉवेल खाली सोडला. मी ब्रेक दाबला, हळूच, जसा दस्तगीरभाईंनी सांगितला होता तसा.

ते बॉनेटला हात लावत लावत डाव्या दाराशी आले, चाचपून कडी शोधली आणि आत बसले. माझ्या शेजारी, मी चालवत असताना, पहिल्यांदा.

"दुसऱ्या गिअरात ठेव. ब्रेकवर पाय ठेवून बसू नगंस, तापत्यात. इंजिनानं उतरव."

"दिसत न्हाई, तात्या. काहीच दिसत न्हाई."

"तुला कड दिसती का?"

"कड दिसतीय."

"मग बास. कड तू बघ, वळणं मी सांगतो."

आम्ही तसा घाट उतरलो. मी म्हणायची, "पांढरा खांब गेला." ते म्हणायचे, "मग आता उजवं वळण. मोठं हाय, घाई करू नगंस. आता हॉर्न दे. आता सोड." त्यांचं एकही वळण चुकलं नाही. एका ठिकाणी मी पाय उचलला आणि गाडी जरा धावली. त्यांनी समोरच्या दांडीला घट्ट धरलं. मी तोच पाय परत ब्रेकवर ठेवला. अर्ध्याहून खाली आलो तेव्हा धुकं वर राहिलं आणि एकदम खालची भातशेती दिसली, हिरवीगार, पाण्यानं भरलेली. 

वैभववाडीत दुकानदार माल उतरून घ्यायला बाहेर आला. तात्यांना डाव्या दारातनं उतरताना बघून त्याच्या मालवणीत म्हणाला, "काय तात्यानू, आज ड्रायवर बदललो?"

"बदलला," तात्या म्हणाले. "कायमचा."

परत येताना धुकं निवळलं होतं. दिवेलागणीला घरी पोचलो. जयसिंग पुढच्या सोप्यात कॉटवर होते. गाडीचा आवाज ऐकून त्यांनी मान उंच करून बघितलं. मी उजव्या दारातनं उतरले, तात्या डाव्या. माझ्या कपाळाला पदराची चिंधी बांधलेली. जयसिंगनी काय झालं असं विचारलं नाही. त्यांनी मान खाली घातली.

त्या खाली घातलेल्या मानेनंच मला सांगितलं.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"मालन, आत ये, आधी पाणी पी."

"ठाऊक होतं का न्हाई?"

ते प्लास्टरवरचा नसलेला धागा ओढत बसले. "कठडा मला दिसत व्हता. सरळ अंगावर येत व्हता. मी ओरडलो, तवर लागलं. नंतर पडल्या पडल्या इचार केला... तात्यांना दिसलाच न्हाई."

"आणि महिनाभर टायर, टायर करत बसलात."

"बापाला कसं म्हणू, तू आंधळा झालास? सगळी नोकरी बिनडागाची त्यांची. ते टायर म्हणत व्हते, मी बी टायर म्हणलो."

"आणि मला त्या शीटवर बसवलंत. मोडक्या पायानं तुम्ही उठलात त्याच जागेवर. एक शब्द न सांगता."

"मला वाटलं, तू बघशील. तुझं लक्ष असतंय. काय झालंच तर तू..."

"काय झालंच तर मी दरीत असते."

  चुलीपाशी जाऊन मी नुसतीच उभी राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात भांडणं पुष्कळ झाली. पण त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा वाटलं, की या माणसाची मला ओळखच नाही. वाईट माणूस नव्हता. बापाची लाज झाकायला हाताला लागलं ते पांघरूण त्यानं घेतलं, आणि ते पांघरूण मी होते.

मागं पावलं वाजली. तात्या उंबऱ्याशी उभे होते. सगळं ऐकलं असावं.

"जया," ते लेकाला म्हणाले, "तिला बोलू दे. मला तू झाकलंस, तुझ्यापासनं मी झाकलं, आणि मधी ही सापडली." थोडं थांबून म्हणाले, "उद्या कोल्हापूरला डोळ्याच्या डागदराकडं जायाचं. तुझं पलस्तर बी दाखवायचं हाय. गाडी मालन चालवंल. शेजारी मी बसणार."

"आणि मी?" जयसिंगनी विचारलं.

"तू हौद्यात. पाय लांब करून. बटाट्यावानी."

मला हसायचं नव्हतं. मी तोंड भिंतीकडं केलं.

डॉक्टरांनी पुढं काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली थेंबांनी टिकते, म्हणाले. आणि तात्यांची शेवटपर्यंत टिकली. जयसिंगचा पाय बरा झाला. त्यांच्याशी माझं नीट बोलणं सुरू व्हायला मात्र त्या पायापेक्षा जास्त दिवस लागले. पिकअप आम्ही आणखी कैक वर्षं चालवली, बहुतेक मीच. पण आठवते ती त्या दुसऱ्या दिवशीची निघतानाची सकाळ.

हौद्यात गादी टाकून, ताडपत्रीखाली, पाय लांब केलेला माझा नवरा. स्टिअरिंगवर मी, डोक्यावर पदर, कपाळाला पट्टी. आणि डावीकडं तात्या, धुवट सदरा, डोक्याला पटका. गाडी गावातनं निघाली तर माणसं पारावरनं उठून बघू लागली. श्रीपती ड्रायव्हर सुनेशेजारी बसून चाललाय, हे त्यांना डोळ्यांनी बघूनही खरं वाटत नव्हतं. मला वाटलं, तात्या काच वर करून घेतील. त्यांनी ती खाली केली.

समोर दिसेल त्याला ते हात जोडत होते. कडेला उभे असलेले तसेच राहात होते.

"डावीकडं केरबाआण्णा हाईत," मी हळूच म्हटलं.

तात्यांनी अख्खं अंग वळवलं, केरबाआण्णांना शोधलं, आणि हसून हात जोडले.

"आणि आता?" त्यांनी मला विचारलं.